अखंड कात

पट्ट्या चोवीस लावल्या होत्या आणि सापडल्या तेवीस.

वैजयंता घोरपडेनं तिसऱ्यांदा मोजल्या. चिमट्यानं एकेक उचलून चुन्याच्या डब्यात टाकत, नंबर मोठ्यानं म्हणत मोजल्या. सोळा होती, अठरा होती, सतरा नव्हती. सकाळचे साडेदहा वाजले होते, जानेवारीचं ऊन पाठीला बरं वाटत होतं.

वैजयंताचं काम सापांचं. आडनाव घोरपडे आणि धरायचे साप, म्हणून कोल्हापुरात तिची भरपूर थट्टा व्हायची. एके काळी ती हौसेनं साप धरायची आणि लांब रानात सोडून यायची. मग दिवस बदलले. पन्हाळ्याच्या रस्त्याला उसाच्या फडांमध्ये बारा-बारा मजली इमारती उठल्या. फडात बिनचालकाची तोडणीयंत्रं आली, ती एका दिवसात चाळीस एकर ऊस भुईसपाट करायची. कोयत्यानं ऊस तुटायचा तेव्हा सापाला बाजूला व्हायला आठ दिवस मिळायचे. आता दोन तासांत त्याचं घर नाहीसं व्हायचं, आणि समोर दिसायची ती इमारतीखालची पार्किंगची सावली. तो तरी काय करणार बिचारा! यायचा सरळ आत. मग लोकांचं धाबं दणाणायचं आणि 'निर्धोक'ला फोन जायचा. घरातले, इमारतीतले नको असलेले वन्यजीव हलवणारी ही कंपनी, आणि वैजयंता तिथली सगळ्यात जुनी माणूस.

कंपनीचे मालक डॉक्टर शिरगुप्पे. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, रसायनशास्त्राचे. साप माग काढतो तो जिभेनं. जीभ बाहेर टाकायची, जमिनीवरचे कण टिपायचे आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाला नेऊन लावायचे, की कोण कुठून कुठे गेलं ते त्याला कळतं. मादीच्या कातडीवर मेणासारखा थर असतो. ती सरपटत जाते तिथे तो लागून राहतो, आणि थंडीत, म्हणजे जोडीच्या दिवसांत, नर त्याच मागानं तिच्यापर्यंत पोचतो. शिरगुप्प्यांनी घोणशीच्या मादीचं हे मेण प्रयोगशाळेत बनवलं, खऱ्यापेक्षा शंभरपट कडक. त्यात एक हलकं रसायन मिसळलं, जे वाऱ्यावर जाऊन दीडशे पावलांवरच्या नरालाही जागं करी. पण नुसतं मेण दगडाला फासलं तर नर यायचा, थबकायचा आणि माघारी फिरायचा. त्याला हनुवटीखाली खवले लागायला हवे असायचे. मग शिरगुप्प्यांनी खऱ्या कातेचा साचा घेतला आणि खवल्याला खवला जुळवून हातभर लांबीच्या पातळ पट्ट्या ओतल्या. त्यांचं नाव ठेवलं 'सांगावा'. पट्ट्या ओळीनं पिंजऱ्यापर्यंत मांडायच्या, आणि सांगावा मिळालेले नर आपल्या पायानं, म्हणजे आपल्या पोटानं, पिंजऱ्यात शिरायचे.

पट्टी दिसायला हुबेहूब कात. फरक एकच, शेपटाच्या टोकाला काळ्या शाईत बारीक नंबर.

नियमही एकच होता, पण कडक. शेवटची पट्टी परत हातात आल्याशिवाय काम संपत नाही. एक जरी कमी पडली तरी ती इमारत दहा दिवस रिकामी करायची, भोवती जाळी मारायची आणि नर कुठे वळतात ते बघत बसायचं. कारण पट्टी महिना-महिना बोलावत राहते, आणि ऊब मिळाली की तिचा जोर दुप्पट होतो.

वैजयंतानं मेंदीच्या कुंपणाखाली हात घालून बघितलं, गटाराची झाकणं उचलून बघितली. मग शिरगुप्प्यांना फोन लावला.

"सर, सतरा नंबर नाही."

"नीट बघितलंस?"

"दोन तास तेच करतीय."

शिरगुप्पे म्हणाले, "वाऱ्यानं रस्त्यापार गेली असेल. तिथे तू काम करतेयस, इथे बसून मी काय सांगणार? निर्णय तुझा, सही तुझी."

शहाणा माणूस. स्वतःच्या अंगाला काही लावून घ्यायचा नाही.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गच्चीतून हाक आली. "ताई! झालं का गं? हलव्याचा मुकुट बघायला ये की वर! आणि चहा टाकलाय!"

ही रत्ना, वैजयंताची धाकटी बहीण. याच इमारतीत एकशे चार नंबरला राहायची. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, चार दवाखाने झाल्यावर, तिला मूल झालं होतं. नाव यशवंत. आजोबा-पणजोबांची नावं ठेवायची फॅशन परत आली होती ना! यशू अकरा महिन्यांचा होता आणि उद्या चार वाजता त्याचं बोरनहाण होतं. नवरा लष्करात, लेहला, त्याला सुट्टी नव्हती. पण सासूनं आणि रत्नानं मिळून महिनाभर तयारी केली होती. काळं झबलं शिवलं होतं, हलव्याचे दागिने स्वतः केले होते. 'एक पट्टी हरवली' एवढे तीन शब्द वैजयंतानं लिहिले असते, तर तासाभरात त्या सगळ्यांना बॅगा भरून बाहेर पडावं लागलं असतं.

तिनं फॉर्मवर लिहिलं : परत मिळालेल्या पट्ट्या, चोवीस. खाली सही केली आणि वर जाऊन चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला ती काळी चंद्रकळा नेसून, यशूसाठी चांदीचा खुळखुळा घेऊन आली. फाटकातच वॉचमन बापू खोत धावत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मॅडम, तुम्हीच आला, बरं झालं. घोणस हाय! लिफ्टच्या दारात बसलीय!"

वैजयंतानं गाडीतून आकडा आणि पिशव्या काढल्या, पदर खोचला. लिफ्टसमोरच्या फरशीवर चार फुटांचा नर. पाठीवरच्या तपकिरी साखळ्या उन्हात चकाकत होत्या. तिनं त्याला आकड्यावर तोलून पिशवीत सोडला, गाठ मारली. बापूनं निःश्वास टाकला.

"काल तर सगळी नेली म्हणालासा."

"शेजारचा फड तुटलाय ना आज," वैजयंता म्हणाली. खरंच तुटला होता. पण तिचं लक्ष जिन्याकडे गेलं होतं. दुसऱ्या पायरीवर आणखी एक नर होता. घोणस जड अंगाची, आळशी. जिना चढायच्या भानगडीत ती सहसा पडत नाही. हा मात्र अंग आखडून, पुन्हा लांब करून, तिसऱ्या पायरीवर डोकं टेकत होता. जीभ सारखी आतबाहेर चालली होती.

तो रस्ता चुकलेला नव्हता. त्याला कुणीतरी वर बोलावत होतं.

तिनं त्यालाही पिशवीत घातलं, दोन्ही पिशव्या आणि आकडा बापूच्या खोलीत पेटीत ठेवून कुलूप लावलं. कुणाला काही बोलायच्या आत आधी वर जाऊन बघू, असं ठरवून ती जिना चढली. आकडा घेऊन बोरनहाणात शिरले तर बायका भितील, हा विचार तिच्या मनात आला, आणि त्याचा पश्चात्ताप तिला पुढे फार झाला.

एकशे चारमध्ये नुसता कल्ला होता. यशू पाटावर बसला होता. काळं झबलं, डोक्याला हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, मनगटात कडी. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे यांचा पाऊस झाला होता आणि इमारतीतली सगळी चिल्लीपिल्ली ते वेचायला जमिनीवर लोळत होती. यशू हसून हसून लाल झाला होता. ज्या बाईनं यावं तिनं त्याचे गाल धरावेत, कानाशी बोटं मोडावीत.

"आलीस व्हय!" रत्नानं तिला हाताला धरून आत ओढलं. "किती उशीर गं!"

वैजयंताला दिसत होतं ते एवढंच, की प्रत्येक बाईच्या हातात हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर लाल रेशमी कापडाचा एक चिमुकला बटवा होता.

"काय हौस तरी इंदूताईंची," शेजारची एक बाई कौतुकानं सांगत होती. "वाण म्हणून कात दिलीय, कात! तिजोरीत ठेवायची. अखंड होती म्हणे, अशी मिळत नाही बाई."

वैजयंताच्या कानात सूं झालं.

इंदूमावशी म्हणजे रत्नाच्या सासूबाई. बँकेतून निवृत्त झालेल्या, रोज सकाळी मोबाइलवर पावलं मोजत फिरणाऱ्या. वैजयंतानं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. त्या तिळगुळाची ताटली भरत होत्या.

"मावशी, ती कात कुठं मिळाली?"

मावशींचा चेहरा फुलला. "आगं, काल फिरायला गेले न्हवं का मी सहाला? जाईच्या बुंध्यापाशी! तोंडापासून शेपटापर्यंत अखंड, कुठं म्हणून फाटलेली न्हाई. म्हटलं, आपल्या बाळाच्या बोरनहाणाच्या आदल्या दिशी घरात लक्ष्मी आली. एकटीनं कशाला ठेवायची? सगळ्यास्नी वाटली."

"शेपटाला काही होतं का? काळं?"

"चिकटलं होतं कायतरी घाणीसारखं. कापून टाकलं मी तेवढं."

नंबर. सतरा नंबर मावशींनी कात्रीनं कापून टाकला होता. दोरी बांधलेली होती, पाट्या लावलेल्या होत्या, आत कुणी जायचं नाही असं लिहिलेलं होतं. पण पट्टी, यंत्र, धोका असं काही दिसलं असतं तर मावशी दोन पावलं मागे सरकल्या असत्या. त्यांना दिसली कात, आणि अखंड कात दिसल्यावर ती तिथेच टाकून येणारी बाई निदान त्या पिढीत तरी नव्हती. प्रयोगशाळेत नराला फसवायला केलेली नक्कल माणसालाही फसवील, हे शिरगुप्प्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. वैजयंताच्या तरी कुठे आलं होतं?

"किती तुकडे केलेत मावशी?"

"सोळा बटवे. आणि एक तुकडा आपल्या यशूच्या ताइतात घातलाय. दृष्ट लागाया नको. कालच बांधला दंडाला." मावशींनी तिच्याकडे नीट बघितलं. "का गं? पांढरीफटक पडलीस ती?"

काल सकाळपासून. तीस तास ते मेण बाळाच्या दंडाला घासत होतं, घामात मिसळत होतं, अंगभर पसरत होतं. आणि ऊब मिळाली की त्याचा जोर दुप्पट. खाली जिना चढणारा नर बटव्यासाठी येत नव्हता. त्या इमारतीतली सगळ्यात मोठी, सगळ्यात उबदार मादी पाटावर मुकुट घालून बसली होती.

एक क्षण, अगदी एकच क्षण, वैजयंताच्या मनात आलं की ताईत हळूच सोडून घ्यावा, बटवे काहीतरी निमित्त करून गोळा करावेत, आणि कुणाला काही कळू देऊ नये. मग बाहेर बारकी पोरं खिदळली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. ती दिवाणखान्यात गेली.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला परका वाटला. "हातातले बटवे खाली ठेवा. ती कात नाही. आमची पट्टी आहे ती, नर घोणशींना बोलवायची. काल एक पट्टी हरवली होती. मला माहीत होतं. आणि मी लिहून दिलं की सगळ्या मिळाल्या."

एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणी बटवा फेकला, कुणी आपलं पोर उचललं, कुणी म्हणालं की चौघी तर मघाशीच बटवे घेऊन घरी गेल्या. रत्ना जागची हलली नाही. ती ताईकडे बघत होती, आणि तिला अजून नीट उमगलेलं नव्हतं.

त्या गडबडीत तिनं सवयीनं मान वळवून हाक मारली, "आई, तो कुकर बंद करा हो. केव्हाचा वाजतोय."

"कुकर?" मावशी दारातून म्हणाल्या. "कुकर लावलाच न्हाई मी."

वाफ सुटल्यासारखा तो आवाज सोफ्याखालून येत होता.

"हलू नका!" वैजयंता ओरडली. "पाय आपटू नका. आहे तिथं उभ्या राहा."

गच्चीच्या दाराशी पाण्याची मोरी होती, जाईचा वेल थेट तिथपर्यंत चढलेला होता. तो नर तिकडूनच आला असणार. कुणीतरी भिरकावलेल्या बटव्यानं तो बिथरला होता. आता फुत्कार थांबला आणि सोफ्याच्या झालरीखालून डोकं बाहेर आलं. चुरमुऱ्यांतून, बोरांतून वाट काढत तो पाटाच्या दिशेनं निघाला. यशू आणि त्याच्यामध्ये दोन हातांचं अंतर होतं. रत्ना पलीकडच्या बाजूला, चार हातांवर.

"बू!" यशू म्हणाला आणि त्याच्याकडे हात पुढे केला.

वैजयंताला सगळं एकदम दिसलं. आकडा खाली कुलपात. हातानं शेपूट ओढावं, तर उलटून तो आधी समोर असेल त्याला चावणार, आणि समोर नऊ किलोचं पोर. रत्ना पुढे झाली, तर तिच्या पावलाच्या धक्क्यानं चावणार. तसं पाहिलं तर तो चावायला आलाच नव्हता. तो हनुवटी टेकवायला आला होता. पण बाळ त्याला मुठीत धरणार, आणि मग तो चावणार.

तिच्या पायाशी तीन-चार बटवे पडले होते. ती सावकाश खाली बसली. एक फाडला, आतला तुकडा गळ्याला घासला. दुसरा दोन्ही दंडांना. तिसरा तळहातांत धरून चोळला, चोळला, खवल्यांचा चुरा होऊन कातडी गरम होईपर्यंत चोळला. मग ती बसल्याबसल्या सरकत पुढे गेली आणि हात जमिनीवर पसरून थांबली. पन्नास किलोचं उबदार अंग. घे, बघ, ही मोठी.

नर थांबला. जीभ यशूकडे, जीभ वैजयंताकडे. ती घाबरली होती, वीस वर्षांत कधी घाबरली नव्हती इतकी. मला मरायचं नाही, मला मरायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. श्वास किती घ्यावा तेही कळेना. नरानं डोकं वळवलं. तो तिच्या बोटांवर आला. गार, जड, कोरडा. हनुवटी घासत तो मनगटावरून दंडाकडे चढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं.

"रत्ना," ती ओठ न हलवता म्हणाली. "आता. हळू."

रत्नानं पोराला उचललं.

साप खांद्याशी पोचला तेव्हा वैजयंतानं डाव्या हातानं त्याची मान धरली, उजव्या हातानं अंग आवळलं. मावशींनी बोरांचा स्टीलचा डबा पुढे केला. झाकण बसलं आणि ती बसल्या जागी कोलमडली.

बाळाला छातीशी धरून रत्ना तिच्या समोर उभी राहिली. आता तिला सगळं उमगलं होतं.

"काल तू इथंच होतीस," ती म्हणाली. "त्याला मांडीवर घेतलंस. माझ्या हातचा चहा प्यायलीस. आणि तुला माहीत होतं."

"रत्ने, तुझ्या बोरनहाणासाठीच मी..."

"माझ्या नावावर घालू नकोस, ताई."

त्यानंतर ती वैजयंताशी बोलली नाही.

घरी गेलेल्या चौघींचे बटवे संध्याकाळच्या आत परत आले. इमारत रिकामी झाली. बाळाला ज्या ज्या बाईनं हात लावला होता तिची तपासणी झाली. एक-दोन स्पर्शांनी मेण लागत नाही, सगळ्या मोकळ्या निघाल्या. रत्नाही त्या दिवशी मोकळी निघाली. यशू आणि वैजयंता मात्र सुटले नाहीत. साबण झाला, डाळीचं पीठ झालं, शिरगुप्प्यांनी आणलेली औषधं झाली, मेण कातडीत मुरलेलं होतं. वरची कातडी झडून खालची नवी येईल तेव्हाच ते जाणार. साधारण चाळीस दिवस, असं शिरगुप्पे म्हणाले.

शहरातल्या एका इस्पितळाच्या नवव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. एकीत वैजयंता एकटी, दुसरीत रत्ना आणि यशू. रोजची अंथरुणं, रोजचे कपडे जाळायचे. तिकडे शिवारातली जाळी रोज दोन-तीन नर धरत होती. काही इमारतीकडे न जाता रस्त्याकडे, शहराच्या दिशेनं वळलेले सापडत होते. वैजयंताला खिडकीशी उभं राहायची भीती वाटायची. जेवणाच्या ट्रेखाली बघितल्याशिवाय ती घास घेत नव्हती. पलीकडून यशूच्या रडण्याचा, हसण्याचा आवाज यायचा, रत्नाच्या अंगाईचा यायचा. भिंतीला कान लावून ती ते ऐकायची. इंदूमावशींनी गावी अंथरूण धरल्याचं तिला नर्सकडून कळलं.

शेवटच्या तपासणीआधी तीन दिवस यशूला आईपासून वेगळं करून नर्सकडे ठेवलं. सगळं नवं, सगळं स्वच्छ. हे तीन दिवस रत्ना नुसती येरझारा घालत होती.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी शिरगुप्पे काचेची पेटी घेऊन आले. पेटीत एक नर घोणस, एका बाजूला काचेऐवजी बारीक जाळी. आधी वैजयंतानं हात जाळीपाशी धरला. नर वेटोळं करून पडून राहिला. तिचा जीव भांड्यात पडला. मग नर्सनं यशूला आणून त्याचा दंड जाळीपाशी नेला, मग गळा, मग पाय. नरानं जीभसुद्धा काढली नाही.

"सुटला!" शिरगुप्पे म्हणाले.

नर्सनं यशूला जमिनीवर ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी दार उघडून रत्ना आत आली. काचेतून तिनं सगळं बघितलं होतं. ती हसत होती, रडत होती, दोन्ही हात पसरून सरळ पोराकडे निघाली होती. तीन दिवसांनी आई दिसल्याबरोबर यशू रांगत सुटला.

पेटीत खसखस झाली. वैजयंतानं मान वळवली. नर उठला होता. त्यानं जाळीवर हनुवटी दाबली होती आणि तो ती घासत होता, वरून खाली, वरून खाली.

"थांब!" ती किंचाळली. धावत जाऊन तिनं यशूला उचललं आणि मागे सरकली.

रत्नाचा चेहरा दगडासारखा झाला. पण हात पसरलेलेच राहिले.

"रत्ना, पुढं येऊ नकोस. तुझा हात तिकडं धर. जाळीकडं."

रत्नानं शिरगुप्प्यांकडे बघितलं. तिनं हात धरला. नर जाळीला असा भिडला की पेटी हलली. तिनं दुसरा हात धरला, मग वाकून गळा. तसंच.

वैजयंताला आता कळत होतं, आणि ते आधी कुणालाच का कळलं नाही याची तिला भीती वाटत होती. कातडी झडते, मेण झडत नाही. ते पुढे जातं. तिचं स्वतःचं मेण अंथरुणांबरोबर जळालं, कारण या चाळीस दिवसांत तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं. यशूचं जळालं नाही, कारण तो अंथरुणावर झोपतच नव्हता. तो आईच्या अंगावर झोपत होता, आईला पीत होता. दर आठवड्याला सगळे जण बाळ तपासत राहिले. आईला पुन्हा तपासावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. ते एकेक दिवस त्याच्यावरून उतरलं आणि तिच्यावर चढलं.

"म्हणजे आता मी त्याला..." रत्नानं वाक्य पुरं केलं नाही. ती एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. दोन्ही हात तिनं पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"ताई," ती म्हणाली. एक्केचाळीस दिवसांतला हा पहिला शब्द. "किती दिवस?"

"साधारण चाळीस धरू," शिरगुप्पे म्हणाले. "कदाचित थोडे..."

"तुम्हाला नाही विचारलं." तिची नजर वैजयंतावरून हलली नाही. "तू सांग. खरं सांग."

वैजयंताला चाळीस म्हणावंसं फार वाटलं. चाळीस म्हटलं की रत्नाला निदान एक आकडा मिळाला असता, भिंतीवर रेघा ओढायला.

"मला माहीत नाही, रत्ना," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नाही."

रत्नानं मान हलवली. सरकत सरकत ती भिंतीला टेकली. यशू आता मोठ्यानं रडत होता, पाय झाडत होता, सगळं अंग ताणून आईकडे झेपावत होता. वैजयंतानं त्याला घट्ट धरून ठेवलं.